दुर्बिणीला वेळ सांगताना

दुर्बीण आमच्या घरी आली ती नवऱ्याच्या साहेबांकडून. चाकणच्या कंपनीतले हे साहेब काही वर्षं अमेरिकेत राहून आले होते, आणि आता त्यांची बदली दक्षिणेत झाली होती. सामान कमी करताना त्यांनी सहज विचारलं, घेतोस का, आणि नवऱ्याने मला न विचारता हो म्हणून टाकलं. एक लांबलचक खोकं, तिपाई, आणि वायरला लटकलेला जाडजूड रिमोट. मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे ठेवायचं कुठं, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "बाबांसाठी आणलंय."

मग मी खोक्यासाठी जागा करायला लागले. सासूबाई गेल्यापासून सासरे घरात असून नसल्यासारखे झाले होते. सकाळी उठून स्वतःचं अंथरूण घडी करायचे, पेपर वाचायचे, आणि मग बाल्कनीत खुर्ची टाकून नव्या इमारतींच्या क्रेनकडे बघत बसायचे. काही विचारलं तर उत्तर मिळायचं, पण आपणहून शब्द नाही. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. मी तळवड्याला, आयटीत. आमचे क्लायंट अमेरिकेतले, त्यामुळे माझं ऑफिस दुपारी सुरू होतं आणि मी घरी येते तेव्हा सगळे झोपलेले असतात. म्हणजे दिवसभर बोलायला माणूस म्हणाल तर सकाळी मी, तीही अर्धी झोपेत.

सासरे पिंपरीला एका कंपनीत फिटर होते. संसार सगळा थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या भाड्याच्या खोल्यांत झाला. बुद्धविहारातल्या वाचनालयात जे जे पुस्तक येईल ते वाचून काढायचं, ही त्यांची सवय. त्यात ग्रहताऱ्यांची पुस्तकं त्यांच्या फार आवडीची. कंपनीतल्या लोकांशी त्यांचा वाद ठरलेला असायचा तो शनीवरून. कुणाला साडेसाती लागली, कुणी शनिवारी तेल वाहिलं, की हे सुरू व्हायचे. "अरे, तो वायूचा गोळा आहे. त्याला तुझं नाव माहीत नाही, की तुझा टोकन नंबर माहीत नाही." हे नवऱ्याने लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय, की तो त्यांची नक्कल करून दाखवतो.

दुर्बिणीचं खोकं उघडलं त्या दिवशी सासरे बराच वेळ नळीवरून हात फिरवत होते. मग म्हणाले, "मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो शनी असा आहे नि तसा आहे. बघितला कुठंय मी तरी?"

पाऊस ओसरून आकाश मोकळं झालं तसा त्यांनी बेत ठरवला. रविवारी संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावायची आणि सोसायटीतल्या लोकांना शनी दाखवायचा. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज मीच टाकला. आमची ए विंग सात मजल्यांची, समोरची बी विंग बारा. अंधार पडला तेव्हा बी विंगच्या उजव्या कोपऱ्याच्या जरा वर एक पिवळट ठिपका उभा होता. लुकलुकत नव्हता. सासऱ्यांनी बोट दाखवलं. "तो. तोच शनी."

गच्चीवर बरीच माणसं जमली. मुलांनी दुर्बिणीभोवती गराडा घातला. नवऱ्याने साहेबांकडून शिकून घेतलं होतं. नळी उत्तरेकडे तोंड करून आडवी ठेवायची, आणि रिमोटवर आपण कुठं आहोत, आज तारीख काय, किती वाजले ते सांगायचं. मग खालची मोटार लावलेली बैठक, तिला माउंट म्हणतात, ती हिशोब करून आपणच नळी वळवते. नवऱ्याने एकेक प्रश्न वाचला, सासऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ सांगितली, आणि रिमोटवरचं बटण दाबलं.

रिमोटवर अक्षरं आली. शनी सध्या क्षितिजाखाली आहे.

"अरे तो बघ ना, समोर आहे," सासरे म्हणाले. कुणीतरी हसलं. नवरा घाईघाईने मागे गेला. तारीख लिहिताना आधी महिना घालायचा होता, त्याने आधी दिवस घातला होता. शिवाय यंत्राच्या लेखी आम्ही अजून अमेरिकेतच होतो. त्याने दोन्ही बदललं आणि परत बटण दाबलं. घूं असा आवाज करत नळी वळायला लागली, मुलं गप्प झाली, आणि नळी शनीकडे न जाता त्याच्या डावीकडे, खाली उतरत जाऊन बी विंगच्या नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर थांबली.

त्या बाल्कनीत एक काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होते. मराठवाड्यातून आलेलं कुटुंब, काकू विधवा, एक मुलगा. त्यांनी खाली बघितलं. गच्चीच्या कठड्याला एवढी माणसं उभी आणि मध्ये एक नळी आपल्याकडे रोखलेली. त्यांनी कपडे छातीशी धरले आणि ओरडल्या, "काय बघायलेत ओ माझ्या घरात?"

खाली वाकून आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावलेले सासरे होते.

नवऱ्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण दोन इमारतींच्या मधून काय ऐकू जाणार. बाल्कनीचं दार आपटलं. माणसं पांगली. काही जण हसत होते, काही जणांना आम्हाला बघून लाज वाटत असावी. त्याच रात्री सेक्रेटरींचा मेसेज ग्रुपवर आला. समोरच्या घरांत डोकावल्याची तक्रार आली आहे, गच्चीवर दुर्बीण लावायला मनाई करण्यात येत आहे. कुणाचं नाव लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती.

सासऱ्यांनी तो मेसेज वाचला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी खोकं पलंगाखाली गेलं. मी चहा दिला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "या वयात हे ऐकायचं राहिलं होतं."

नवऱ्याची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. राहिले मी. तोपर्यंत मला त्या दुर्बिणीत काडीचा रस नव्हता, खरं सांगते. पण बाल्कनीत परत जाऊन बसलेल्या त्या माणसाकडे बघवत नव्हतं. म्हणून एके दिवशी सकाळी मी रिमोट बाहेर काढला, बैठक डायनिंग टेबलावर ठेवली, प्लगला जोडली, आणि एकेक प्रश्न नीट वाचत गेले.

तिसऱ्या का चौथ्या प्रश्नाशी मी थांबले. डेलाइट सेव्हिंग, हो की नाही. तिथं साहेबांच्या वेळेपासून हो असं पडून होतं. हा शब्द माझ्या रोजच्या जेवणाखाण्यातला आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि थंडी आली की मागे घेतात, आणि त्यांनी तिकडे काटा फिरवला की इकडे मोशीत माझं जेवण तासाने सरकतं. दर वर्षी दोनदा. आपल्याकडे असं काही नसतं, पण यंत्राला ते कुणी सांगितलंच नव्हतं. मी ते नाही असं केलं.

पुढची अडचण वेगळीच निघाली. देशाची वेळ निवडायच्या यादीत सगळे पूर्ण तास होते. चार, पाच, सहा. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. तो अर्धा तास त्या जुन्या यंत्राला ठाऊकच नव्हता. नवऱ्याने त्या दिवशी गडबडीत पाच घातलं होतं.

"बाबा, इकडे या जरा," मी हाक मारली.

ते आले, शेजारच्या खुर्चीत बसले. मी सांगितलं तसं त्यांनी चष्मा लावून रिमोट हातात घेतला. मग कंपनीत नवीन मशीन आलं की ते कसे बघत असतील तसे बघायला लागले. एकेक बटण दाबून, परत मागे येऊन. बऱ्याच वेळाने म्हणाले, "अर्धा तास नाहीच यात. मग आपल्या देशातले लोक काय करतात?"

माझ्या डोक्यात ऑफिस आलं. आमचे सर्व्हर कुठल्याही देशात असोत, त्यांच्यावरची वेळ ग्रिनिचची असते, नाहीतर चार देशांतल्या माणसांचा गोंधळ होईल. मी म्हटलं, "आपण याला आपली वेळ सांगायचीच नाही. ग्रिनिचची सांगू. यादीत शून्य निवडायचं, आणि आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून घालायचे."

"म्हणजे संध्याकाळचे सात असतील तर..." ते छताकडे बघत म्हणाले, "दुपारचा दीड." आणि हसले. कितीतरी महिन्यांनी मी ते हसू बघत होते.

त्यानंतर आम्ही दोघं रोज सकाळी थोडा वेळ टेबलाशी बसायला लागलो. करायचं फारसं काही उरलं नव्हतं. पण ते मला विचारायचे, क्लायंटकडे आत्ता किती वाजले असतील, तू त्यांच्याशी बोलतेस तेव्हा त्यांची सकाळ असते का, त्यांना आपल्या रात्रीचं काही वाटतं का. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझं काम नेमकं काय हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं. आणि मीही पहिल्यांदा नीट सांगितलं.

गच्ची मात्र बंद होती. मला वाटलं, आधी त्या काकूंना भेटलं पाहिजे. सासरे म्हणाले, मी येत नाही, माझ्याने त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही. म्हणून एका सकाळी मी एकटीच बी विंगच्या नवव्या मजल्यावर गेले.

काकूंनी दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्यांचा चेहरा कडक झाला.

"तुमच्या घरात कुणी बघत नव्हतं, काकू," मी म्हटलं. "ती नळी आपणहून वळते. आम्ही तिला वेळ चुकीची सांगितली, म्हणून ती तुमच्याकडे आली."

"म्हंजे टाइम चुकला म्हणून माझ्या घरात आली व्हय?"

"हो."

"मग बघायचं काय व्हतं तुमाला?"

"शनी."

दार पूर्ण उघडलं. "आत या," त्या म्हणाल्या.

चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं. मुलगा चाकणला कंत्राटावर होता, ते काम सुटलं. दुसरं मिळालं ते लांब, तेही कधी बंद होईल सांगता येत नाही. कुठं लग्नाचं जमत आलं की मोडतं. गावाकडच्या महाराजांनी साडेसाती सांगितली. तेव्हापासून काकू दर शनिवारी देवळात जाऊन तेल वाहतात, उपास करतात. हे सगळं सांगताना त्या भिंतीकडे बघत होत्या, जणू पलीकडून कुणी ऐकेल. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण त्याच्याकडं बघायचं कसं काय? त्याच्या नजरंला नजर देऊ नये म्हणतेत. देवळात बी आमी समोर उभं ऱ्हात न्हाई, बाजूला ऱ्हातो."

सासरे असते तर त्यांनी गोळ्याचं पुराण सुरू केलं असतं. मी म्हटलं, "आमच्या बाबांनी पण अजून बघितला नाही. बघायची फार इच्छा आहे. पण आता गच्चीवर दुर्बीण लावता येत नाही."

काकूंनी रिकामे कप उचलून आत नेऊन ठेवले. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "माझी काई हरकत न्हाई, आसं मी सांगते त्या सेक्रेटरीला. म्हाताऱ्या माणसाची विच्छा आडवून मी काय करू?" आणि दाराशी येऊन परत म्हणाल्या, "मी बी येऊन बघंन. पण शनिवारी नको. दुसरा कोणचाबी वार ठेवा."

सेक्रेटरींनी दोन दिवसांनी ग्रुपवर मनाई मागे घेतली. सासऱ्यांना मी काकूंचं बोलणं सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "घाबरून येणार आहे का बाई?"

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघंच वर गेलो, आधी करून बघायला. फजिती परत नको होती. शून्य निवडलं, डेलाइट सेव्हिंग नाही, आधी महिना मग दिवस. सासऱ्यांनी मनगटाकडे बघून वेळ सांगितली, तोंडी वजाबाकी केली, आणि मी आकडे घातले. नळी वळली. या वेळी बी विंगकडे नाही, आकाशाकडे. शनीच्या अगदी जवळ जाऊन थांबली. पण आयपीसमध्ये नुसतं काळं. मोठ्या नळीवर बसवलेल्या, जास्त आकाश दाखवणाऱ्या छोट्या नळीतून बघितलं तर शनी एका कडेला होता.

"बाणाची बटणं दाबून सरकवू का?" मी विचारलं.

"नको. काहीतरी चुकतंय. ते शोधू."

मी फोन काढला, परत एकदा वेळ बघावी म्हणून. आणि त्यांच्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ पुढे होतं. चांगलं दहाएक मिनिटं पुढे. मग लक्षात आलं, आमच्या हॉलमधलं घड्याळही तसंच आहे, थेरगावातून आलेलं. कंपनीची बस चुकू नये म्हणून त्यांनी कधीकाळी सगळी घड्याळं पुढे केली होती, आणि रिटायर झाल्यावरही ती मागे आणली नव्हती. घरात आम्ही सगळेच मनातल्या मनात वजा करून वेळ बघतो. इतकी सवय, की पुढे आहे हे कुणाच्या ध्यानातच राहत नाही.

मी सांगितलं तेव्हा ते क्षणभर ओशाळले. "म्हणजे यंत्र बरोबर होतं, मीच पुढे होतो." पण काटा फिरवायला त्यांनी घड्याळाला हात लावला नाही. म्हणाले, "तुझ्या फोनमधली सांग त्याला." मी फोनवरची वेळ घातली. नळी किंचित हलली, जेमतेम दिसेल एवढी. मी त्यांना पुढे केलं. "आधी तुम्ही."

ते वाकले. एकदा डोळा चोळून परत लावला. खाली रस्त्यावर टू-व्हीलरचे हॉर्न चालले होते, चाकणच्या बाजूला आकाश तांबूस होतं. मला वाटलं, दिसत नसेल. मग ते म्हणाले, "पुस्तकात कडी रुंद असतात. ही अगदी बारीक आहेत. एखाद्या मण्यातून दोरा ओवावा तशी." आवाजात थोडी निराशा होती. नंतर मी वाचलं, की शनीची कडी दर काही वर्षांनी आपल्याला कडेवरून दिसतात, तशी ती यंदा दिसत होती. पण ते हटले नाहीत. मध्येच म्हणाले, "आहे मात्र. खरोखर आहे."

मीही बघितलं. इवलासा, पिवळट, स्थिर. सरळ झाले आणि परत एकदा वाकले.

रविवारी काकू आल्या. बरोबर मुलगा नव्हता, त्याला सांगितलंच नाही म्हणाल्या. डोक्यावर पदर घट्ट घेतलेला. दुसरं कुणीच वर आलं नव्हतं, ते एका अर्थी बरंच झालं. सासरे बाजूला उभे होते, हात मागे बांधून. "या," म्हणाले, "इथं डोळा लावायचा. नळीला धरू नका."

काकू जवळ आल्या आणि थांबल्या. "भाऊ," त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "त्याला मी दिसंन का?"

मी सासऱ्यांकडे बघितलं. आयुष्यभराचं भाषण त्यांच्या ओठांवर आलं असणार. पण ते मऊ आवाजात म्हणाले, "नाही हो. फार लांब आहे तो. तिथून आपली अख्खी पृथ्वीच ठिपक्याएवढी दिसेल. आपण कुठले दिसतोय."

"माझं घर?"

"घर पण नाही."

काकूंनी जरा विचार केला. "मग बरंय," म्हणाल्या आणि वाकल्या.

त्यांचा एक डोळा मिटत नव्हता, म्हणून त्यांनी तो हाताने झाकला. "अगं माय," त्या म्हणाल्या, "एवढुसाच हाय की. मण्यावाणी." मग सरळ उभ्या राहिल्या आणि त्या ठिपक्याकडे, नळीतून नाही, उघड्या डोळ्यांनी, समोरासमोर बघत त्यांनी हात जोडले. सासरे खाली फरशीकडे बघत राहिले.

काकू खाली गेल्यावर आम्ही बराच वेळ तिथंच होतो. माउंट आपल्या गतीने शनीमागे सरकत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आज वाद घातला नाहीत."

ते कठड्याला टेकले. "थेरगावात असताना तुझ्या नवऱ्याला न्यूमोनिया झाला होता. चार वर्षांचा असेल. दवाखान्यात होता. तेव्हा शनिवारी तो तेलाचा डबा घेऊन फिरणारा यायचा गल्लीत. एकदा मी शिफ्टवरून आलो, तर तुझी सासू दारात उभी राहून त्याच्या डब्यात तेल घालत होती. विहारात जाणारी, माझी भाषणं ऐकणारी बाई." ते थांबले. "मी बघितलं हे तिने बघितलं नाही. मी मागच्या मागे फिरलो, चौकात चहा पिऊन आलो. तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही."

"राग नाही आला?"

"नाही. का नाही आला ते काही कळलं नाही." मग त्यांनी परत आयपीसला डोळा लावला. "तिला हा दाखवायला हवा होता. तेल घातलं असतं तिने तरी, पण बघितला असता."

दुर्बीण नंतर पलंगाखाली गेली नाही, हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिली. नवऱ्याची शिफ्ट बदलली की तोही वर येतो. मी मॅनेजरला सांगून आठवड्यातले दोन दिवस लवकरची शिफ्ट मागून घेतली. मिळाली, भत्ता थोडा कमी झाला.

काकू अजूनही शनिवारी तेल घेऊन जातात. एकदा गेटवर भेटल्या तेव्हा बाटली पिशवीत लपवायला लागल्या. मी म्हटलं, राहू द्या हो. तर म्हणाल्या, "सवय हाय, बाई. पण आता पहिल्यावाणी धडधडत न्हाई." मुलाचं काम टिकलंय, लग्नाचं अजून जमलं नाही.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. लवकर सुटले होते म्हणून गल्लीच्या तोंडाशी भाजीच्या गाडीवर थांबले. दिवेलागण झाली होती. पलीकडे चार-पाच बायका मेथी निवडून घेत होत्या आणि त्यांच्यात काकू होत्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. एका हातात पिशवी धरून त्या दुसऱ्या हाताने इमारतींच्या वर दाखवत होत्या. "त्यो बघा, तिथं. लुकलुकत न्हाई त्यो. लय लांब हाय, त्याला आपण दिसत न्हाई." एकीने विचारलं, तुला काय माहीत. "मी बघितलाय," काकू म्हणाल्या, आणि मेथीची जुडी उचलून वास घेऊन बघितला.